आबेकेला कोण हाक मारणार

अकांबीभाऊंशी माझी ओळख भांडणातनं झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. नणंदेच्या लग्नाला जायचं होतं, ब्लाउज दंडात घट्ट झाला होता, म्हणून इथे न्युरेम्बर्गमध्ये, गोस्टेनहोफमधल्या एका आल्टरेशनच्या दुकानात टाकला. आणायला गेले, उलटा करून बघितला आणि डोकंच फिरलं माझं. जरीच्या काठावरनं सरळ मशीन मारलेलं! काउंटरमागे एक उंच, सडपातळ, साठीचे गृहस्थ गळ्यात टेप अडकवून उभे होते. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांना चांगलं दहा मिनिटं झापलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फ्राउ, तुम्हाला एवढं कळतं तर इथे येऊन बसत का नाही? मला माणूस हवंच आहे."

आता यावर काय बोलणार? माझी आई चिंचवडला शिवणक्लास चालवायची, माझं बालपण काखेच्या गोलाईत गेलं. नवरा, श्रीनाथ, सकाळी लॅपटॉप उघडला की संध्याकाळी डोकं वर काढणार. मुलगा वेदांग माझ्या मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देणार. घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते. पुढच्या सोमवारी गेले आणि मशीनवर बसले. अजून तिथेच आहे.

अकांबीभाऊ मूळचे पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातले. गाव साकेते, भाषा योरुबा. तरुणपणी शिकायला म्हणून जर्मनीत आले, शिक्षण अर्धवट सुटलं, हात मात्र कापडात रमले. बायको इथलीच होती, ती जाऊनही बरीच वर्षं झाली. माणूस मोठा शिस्तीचा. टाचणी खाली पडली की उचलल्याशिवाय पुढचं बोलायचे नाहीत. आणि सकाळी कॉफी केली की पहिला घोट दाराबाहेर पायरीवर ओतायचे. घरमालक दर महिन्याला येऊन कटकट करायचा, पायरीवर डाग पडतात म्हणून.

"कुणासाठी हे?" मी एकदा विचारलं.

"आधीच्यांसाठी. त्यांच्याआधी मी कसा पिऊ?"

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे जेवायच्या आधी ताटाबाहेर भाताची चार शितं ठेवतात, चित्राहुती म्हणतात तिला. माझे वडील ऑफिसच्या डब्यालासुद्धा घालायचे. अकांबीभाऊंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी मला त्यांची चांगली कात्री वापरायला दिली.

इस्त्रीच्या वरती भिंतीवर एक फोटो होता. कापडांचा नुसता डोंगर. मखमल, जरी, छापील कापडं, कवड्या लावलेल्या लांब पट्ट्या, आणि सगळं गरगर फिरतंय. माणूस कुठेच नाही. ना हात, ना पाय, डोळ्यांच्या जागी बारीक जाळी. याला एगुनगुन म्हणतात, एवढं त्यांनी सांगितलं होतं. घरातले मेलेले लोक वर्षातनं एकदा असे भेटायला येतात.

"पण आत कोण असतं?" मी विचारलं.

इस्त्री थांबली. "आजोबा."

"ते कळलं हो. पण आत माणूस कोण?"

"फ्राउ ऊर्मिला, तुमच्याकडे आरती चालू असताना कुणी विचारतं का, की मूर्ती कुठल्या मातीची आहे?"

मला गप्प करणारी माणसं जगात फार नाहीत.

मग हळूहळू, कामाच्या ओघात सांगत गेले. आत घराण्यातलाच कुणीतरी शिरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायकांना तर चालीवरनं कळतं कुणाचा नवरा आहे तो. पण अळीमिळी गुपचिळी. कारण कापड अंगावर पूर्ण आलं, की तो तिथे उरतच नाही. घशातनं खरखरीत आवाज येतो, तो त्याचा नसतो. लोक गुडघे टेकतात, गाऱ्हाणी सांगतात, मेलेला बाप नाव घेऊन हाक मारतो, रागे भरतो, लाड करतो. बायकांनी कापड द्यायचं, ओव्या म्हणायच्या, पण ते अंगावर चढताना बघायचं नाही. त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर मरण. म्हणून बरोबर काठ्या घेतलेले लोक पळत असतात, गर्दी मागे रेटायला. आणि तो गरगर फिरला की त्या पट्ट्यांचा जो वारा सुटतो ना, तो आशीर्वाद. आया तान्ही पोरं लांबूनच त्या वाऱ्यात धरतात.

"म्हणजे नाटकच की एक प्रकारचं," मी आपली जिभेला हाड नसल्यासारखी बोलून गेले.

"नाटकात माणूस सोंग घेतो. इथे माणूस फक्त जागा करून देतो."

हे मला पटलं. आमच्या काकूच्या अंगात मंगळवारी देवी यायची. एरवी ती बाई काकांसमोर मान वर करायची नाही. त्या दिवशी त्यांना एकेरीत हाक मारून फैलावर घ्यायची आणि काका हात जोडून उभे. ती काकू आहे असं आम्हाला पोरांनाही कधी वाटलं नाही. आणि बायकांनी बघायचं नाही वगैरे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, ते मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "भांडा की. साकेतेत येऊन माझ्या आईशी भांडा. तीच तुम्हाला काठी घेऊन हाकलेल."

ही त्यांची आई. सगळी गोष्ट तिचीच आहे.

अकांबीभाऊ अगदी लहान असताना त्यांचे वडील गेले. आई तेव्हा पंचविशीतली. वर्षानंतर घराण्याच्या एगुनगुनमध्ये वडिलांचा लग्नातला झगा उसवून त्याच्या पट्ट्या जोडल्या, आणि त्या वर्षी वडील आले. गर्दीतनं सरळ बायकोपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आबेके." हे तिचं लाडाचं नाव. त्यांच्यात असं नाव असतं प्रत्येकीला. ते फक्त वडीलधारे घेतात, नाहीतर नवरा. मुलांनी घ्यायचं नाही. एवढी एकच हाक. दुसऱ्या वर्षी धाकट्या काकाने ते सगळं कापड एका परदेशी माणसाला विकून टाकलं. पुढे घरच्यांनी नवं शिवलं, त्यातही पूर्वज आले, पण पणजोबा आले, आजोबा आले, वडील नाही. जाणत्याला कौल लावायला सांगितला तर उत्तर आलं, तो त्याच्या कापडात आहे आणि कापड कोंडलेलं आहे.

आता आई पंच्याऐंशीची. तिला आबेके म्हणणारे एकेक करून सगळे गेले. "ती मला फोनवर काय म्हणते माहितेय?" अकांबीभाऊ म्हणाले. "माझं नाव कुणाच्या तोंडात राहिलं नाही. तुझ्या बापाने एकदा घेतलं की मी निघते."

मी त्यांना आमच्या कावळ्याचं सांगितलं. माझ्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवलेला, कावळे झाडावर बसून बघतायत, शिवत मात्र एकही नाही. सगळ्यांचा जीव टांगणीला. काय राहिलं असेल बाबांचं? शेवटी भाऊ मोठ्याने म्हणाला, "ऊर्मिलाकडे लक्ष देऊ आम्ही, काळजी करू नका," आणि कावळा झपकन खाली आला. मी तिथेच ढसाढसा रडले होते. अकांबीभाऊंनी शिवण बाजूला ठेवली. "गेनाऊ," ते म्हणाले, "अगदी हेच. फक्त आमच्याकडे जिवंत माणसाचं राहिलंय."

तर ते कापड त्यांना सापडलं. जर्मनीतल्याच एका दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाच्या गोदामात. कॅटलॉगमधल्या फोटोत त्यांनी काय ओळखलं, तर वडिलांच्या झग्याच्या गळपट्टीवरची टीप. पत्रं, वकील, बेनिनच्या वकिलातीत खेटे, नाकी नऊ आले. पण एके दिवशी फोन आला, की देतो. परत देतो. दुकानात गिऱ्हाईक असताना त्या माणसाने मला उचलून गोल फिरवलं हो! मी ओरडतेय, पाय हवेत, गिऱ्हाईक हसतंय. दुसऱ्या दिवसापासून साकेतेहून फोनवर फोन. प्रत्येक घराने नवी पट्टी द्यायची असते. मीही माझ्या कपाटातला हिरवा खण दिला. आईला सांगितलं गेलं, की येतायत. अकांबी घेऊन येतोय आणि अकांबीच्या अंगात येतायत.

ताब्यात घ्यायच्या दिवशी मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. तुम्हाला भांडता येतं." मी नवी साडी नेसून, कंबर कसून गेले. कुणी आडकाठी केली तर सोडणार नव्हते.

आणि भांडायला कुणी मिळालंच नाही.

फ्राउ लिंडनर म्हणून एक बाई होती, तिथली कापडं सांभाळणारी. चाळिशीची, शांत. तिने आम्हाला कॉफी दिली. मग आम्हाला पांढरे झगे, हातमोजे आणि नाकातोंडावर चांगले जाड मास्क चढवायला लावले. मला वाटलं, कापडाला आमचा श्वास लागू नये म्हणून. आत मोठ्या टेबलावर ते पसरलेलं होतं. काय सांगू! एवढं जुनं, आणि रंग असे, की काल शिवलंय. अकांबीभाऊ दारातच गुडघ्यावर बसले. त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं आणि काहीतरी बोलत राहिले. लिंडनरबाई भिंतीकडे बघत उभी राहिली.

ते उठल्यावर ती म्हणाली, "हेर अकांबी, मला तुम्हाला एक सांगायचंय. हे कापड इतकं चांगलं राहिलंय, त्याला कारण आहे."

कारण हे, की त्या काळी कसर लागू नये म्हणून गोदामातल्या सगळ्या कापडांवर विष मारायचे. डीडीटी आणि आणखी काय काय. भुकटी शिंपडायची, फवारे मारायचे, वर्षानुवर्षं. ते धाग्याधाग्यात बसलंय. पेटीत ठेवायला हरकत नाही, हातमोजे घालून हलवायला हरकत नाही. पण अंगावर घालायचं नाही. आणि फिरवायचं तर मुळीच नाही. झटकलं की धूळ उडते आणि ती श्वासात जाते. जवळ उभं राहणाऱ्या सगळ्यांच्या. सगळ्यात आधी मुलांच्या.

"धुता येत नाही का?" मी म्हटलं. "ड्रायक्लीन? काहीतरी असेलच ना! एवढे कारखाने तुमचे!"

तिने नीट सांगितलं. एक पद्धत आहे, पण ह्यात चामडं आहे, कवड्या आहेत, कच्चे रंग आहेत. निम्मं विष जाईल आणि कापडाच्या चिंध्या होतील. ती हे सांगत होती आणि तिचे डोळे भरले होते. अशा बाईवर काय ओरडणार? ज्यांनी फवारे मारले ते केव्हाच मेले. त्यांनी तरी चांगल्या बुद्धीनेच मारले, कापड टिकावं म्हणून. विकणारा काका मेला. मी आपली मूठ आवळून उभी, आणि मारू कुणाला? इतकं हतबल मला माझ्या बाबांच्या आयसीयूबाहेरही वाटलं नव्हतं.

अकांबीभाऊ शांतपणे म्हणाले, "शिवलं तर मरण. आम्ही पोरांना हेच सांगायचो." मग कापडाकडे बघत, "पण वारा... वारा तर आशीर्वाद होता."

परतीच्या गाडीत बसलो. मीच बोलत होते. आतून जाड अस्तर लावू, म्हटलं. डबल लावू. मी शिवते. तुम्ही आत मास्क घाला, कुणाला दिसतंय? ते म्हणाले, "माझं काय, मी साठी ओलांडली. मी श्वास कोंडून नाचेन. पण समोरची पोरं? त्यांच्या आया त्यांना वाऱ्यात धरणार. त्यांना मी काय सांगू? आमचा बाप आलाय, लांब पळा?" मी खिडकीतनं बाहेरच्या शेतांवर राग काढत बसले.

घरी श्रीनाथला सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग नवीन शिवा ना. गणपती नाही का आपण दरवर्षी नवा आणत? प्राणप्रतिष्ठा केली की झालं." मीही दुसऱ्या दिवशी हेच त्यांना सुचवलं. त्यांनी मान हलवली. "नव्यात आजोबा येतात. आई आजोबांची वाट बघत नाहीये."

कापड पेटीत बंद करून विमानाने साकेतेला गेलं. तिथल्या राजवाड्याच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलं. भाषणं झाली, फोटो आले. अकांबीभाऊ गेले नाहीत. आईसमोर हात हलवत कसा उभा राहू, म्हणाले. आईचे पाय चालत नव्हते, ती खाटेवर. तिला अकांबीभाऊंच्या भाच्याने सांगितलं, की बाबा गावात पोचलेत. ही झाली सगळ्यात मोठी चूक. कारण आता ती दारात डोळे लावून बसली. गावात आलेत आणि घरी का येत नाहीत?

मग तिने खाणं सोडलं. भाच्याचे फोन यायला लागले. दर वेळी एकच. आजी विचारते, ते माझ्यावर रागावलेत का? मी त्यांच्यानंतर बाजारात दुकान टाकलं, त्याचा राग आलाय का? ज्या बाईने एकटीने पाच पोरं वाढवली, ती शेवटी हा हिशोब करत पडली होती! मला हे ऐकवेना.

"अहो, तुम्ही बोला ना," मी एकदा न राहवून म्हटलं. "फोनवरच तर आहे. तिला दिसत नाही, काही नाही. तो आवाज काढा, एकदा नाव घ्या, सुटेल बिचारी. यात कसलं आलंय पाप?"

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. "मी काढीन आवाज," ते म्हणाले. "पण कापडाशिवाय तो मीच असेन. फ्राउ ऊर्मिला, तुमचा भाऊ झाडावर चढून काव काव ओरडला असता, तर तुमच्या बाबांचं समाधान झालं असतं?"

"नसतं झालं," मी म्हटलं, "पण माझं झालं असतं!" आणि हे बोलले ते खरं होतं. त्या क्षणी मला खरंच असं वाटत होतं, की मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलावं, मायेने बोलावं, काय वाटेल ते बोलावं.

त्यांनी खाली पडलेली टाचणी उचलली आणि पुढची शिवण हातात घेतली.

गुरुवारी दुपारी भाच्याचा फोन आला, की आजीला श्वास लागलाय, काही बोलायचं तर आत्ता. अकांबीभाऊंनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. फोन स्पीकरवर टाकून कापायच्या टेबलावर ठेवला. पलीकडनं श्वासाचा आवाज येत होता, मध्येच अडकणारा. बायका कुणीतरी हळू गात होत्या. ते इकडे बघतायत, तिकडे बघतायत. मग त्यांनी दुमडायला आलेला एका गिऱ्हाइकाचा पडदा उचलला, जाड, निळा, मखमली पडदा, आणि तो डोक्यावरनं घ्यायला लागले. मी भिंतीकडे तोंड केलं. बायकांनी बघायचं नाही यावर तावातावाने भांडलेली मी, मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी केलं.

मागून पडद्याची सळसळ आली. मग तो आवाज. घशाच्या तळातनं आलेला, खरखरीत, जाडा. एकच शब्द मला समजला. "आबेके."

पलीकडचं गाणं थांबलं. मी डोळे गच्च मिटून घेतले. घे गं बाई, मी मनात म्हणत होते, घे आणि जा. पुन्हा आवाज आला, "आबेके." मग फोनमधनं आईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. दोन-तीनच वाक्यं बोलली. त्यानंतर भाचा काहीतरी भराभर बोलला आणि फोन बंद झाला.

मी वळले तेव्हा अकांबीभाऊ पडद्यातनं बाहेर आले होते. पडदा जमिनीवर पडला होता आणि ते त्याच्या घड्या घालायच्या सोडून नुसते बघत उभे होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, 'अकांबी, घसा बसलाय तुझा. गरम पाणी पी.'"

"आणि?"

"'आणि तुझ्या वडिलांना सांग, मी अजून जागी आहे.'"